बेसिनजवळची भिंत

माझ्या आईचा चेहरा एवढा मोठा मी पहिल्यांदा पाहिला तो एका हॉटेलात, हात धुवायच्या बेसिनजवळ.

तेव्हा मी शहाद्यात एका फ्लेक्सच्या दुकानात मशीन चालवायचो. वाढदिवस, निवडणूक, दशक्रिया, सगळे बोर्ड माझ्या हातून निघायचे. छापायचे, कडा दुमडून चौकटीवर ताणायचे आणि गिऱ्हाइकाने सांगितलं तर शिडी घेऊन लावायलाही जायचं. म्हसावदच्या रस्त्याला एका शेठचं हॉटेल होतं, ‘गावरान जेवण’ म्हणून चालणारं. दारात बैलगाडीचं चाक, आत कंदील, छताला मक्याची कणसं टांगलेली. त्यांचा एक बोर्ड लावून मी खाली उतरलो आणि हात धुवायला आत गेलो.

साबण हाताला लावला, वर पाहिलं, तर समोर आई.

डोक्यावर कापसाचं गाठोडं, पदर दातात धरता धरता सुटलेला, आणि तोंडभर हसू. छतापासून बेसिनच्या कडेपर्यंत सगळी भिंत तिचीच. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘अस्सल गावरान चव’. लुगडं मी ओळखलं, ते मीच घेतलेलं होतं. चेहरा ओळखायला मात्र क्षणभर लागला. छापणाऱ्याने फोटो भडक करायच्या नादात तिचा सावळा रंग जांभळट काळा करून टाकला होता, कढईच्या बुडासारखा, आणि दात ट्यूबलाइटसारखे. गालावर हळदीच्या बोटांचे ओरखडे होते. कागदी रुमाल संपले की लोक तिथेच हात पुसत असणार. ओठाच्या कोपऱ्यात कुणीतरी दात कोरायची काडी खुपसून ठेवली होती.

माझ्या शेजारी एक माणूस चूळ भरत होता. त्याने खळखळ केली, थुंकला आणि शिंतोडे आईच्या हनुवटीवर उडाले. त्याचं लक्षही नव्हतं. तो हात झटकत निघून गेला.

मी काडी उपटली आणि गल्ल्यावर गेलो. शेठ फोनवर बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत मी उभा राहिलो, ही गोष्ट मला आजही डाचते.

"शेठ, ती भितवरनी बाई मन्ही माय शे."

त्याने मान वळवून भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग? चांगलं शे ना. फुकटमा फेमस व्हई गयी."

"तिले इचारं व्हतं का तुम्ही?"

"काय इचारनं? मन्हा वावरमा कापूस येची ऱ्हायंती, मी फोटो काढा. मन्हं वावर, मन्हा मोबाइल, मन्ही भित." तो हसतच होता. त्याला राग आलेला नव्हता. राग यावा एवढीही माझी पत नव्हती.

"ते काढी टाका."

आता मात्र त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ए पोऱ्या, बोर्ड लावा ना? मंग निंघ आते."

मी दुकानात पोचायच्या आत त्याचा फोन आमच्या मालकाला पोचला होता. मालकाने मला चार लोकांसमोर झापलं. गिऱ्हाइकाच्या भिंतीशी आपल्याला काय करायचंय, म्हणाला. मी मान खाली घालून पुढच्या बोर्डाची फाइल उघडली. कुठल्याशा पुढाऱ्याचा वाढदिवस होता. त्याचा चेहरा गोरा करायला सांगितलं होतं, तो केला.

घरी गेल्यावर आईला कसं सांगावं याचा विचार करत जेवलो. शेवटी सांगितलं. ती भाकरीचं पीठ परातीतून डब्यात भरत होती. थांबली नाही.

"देखेल शे मी," ती म्हणाली.

"कव्हय?"

"बाया सांगी ऱ्हायंत्यात. मी गऊ. दारमातला माणूसनी सांगं, कामवाली मागला दारतून येतस. मी तठूनच देखं अन उनू."

"मंग माले काबर सांगं नही?"

"सांगीसन काय व्हतं?" पीठ झटकून ती उठली. मग जराशाने चुलीजवळून म्हणाली, "मन्हा दात इतला पांढरा कसा करात रे त्यास्नी?"

एवढंच. पण त्यानंतर माझ्या ध्यानात यायला लागलं की बाजाराच्या दिवशी ती हॉटेलच्या रस्त्याने येत नाही. केळीच्या मळ्यांमधून, पाटाच्या कडेकडेने, केवढा तरी वळसा घालून येते. विचारलं तर म्हणाली, तिकडून सावली असते. पाटावर सावली नव्हती, तिथली झाडं केव्हाच तोडली होती.

त्या वळशाने माझ्या डोक्यात घर केलं. लोक म्हणतात, राग विसरावा, माणूस मोठा होतो. मी मोठा झालो तो विसरलो नाही म्हणून. पोलिसात जावं असं एकदोघांनी सुचवलं. एकाने सांगितलं, अंधार पडल्यावर जा आणि ब्लेड मार. ब्लेड मारून काय झालं असतं? त्याने दुसऱ्या दिवशी तसाच नवा कागद चिकटवला असता. फाइल त्याच्याकडे होती. मला कागद फाडायचा नव्हता. मला त्याच्या भिंतीवर हक्क हवा होता.

तो हक्क कसा मिळेल, हे मला दुकानातच उमगलं. शहाद्याच्या आसपास बंगले उठत होते आणि बंगलेवाल्यांना आता नुसता रंग नको होता. कुणाला पलंगामागे धबधबा हवा होता, कुणाला देवघरात गोकुळ, कुणाला मुलीच्या खोलीत ढग. आमचा मालक ते सगळं फ्लेक्सच्याच मशीनवर छापून द्यायचा. ती शाई सॉल्व्हंटची, उन्हापावसातल्या बोर्डासाठी बनलेली. बाहेर वाऱ्यावर तिचा वास उडून जातो. बंद खोलीत ती दिवसच्या दिवस रॉकेलसारखी डोक्यात चढते. लोक तक्रार घेऊन यायचे, मालक सांगायचा, खिडकी उघडी ठेवा. मी ऐकत असायचो. मनाशी म्हणायचो, शेठ, तूही कधीतरी मोठी इमारत बांधशील. तुलाही भिंती लागतील. तेव्हा या तालुक्यात घरात लावण्याजोगी भिंत छापणारा एकच माणूस असेल, आणि तो मी असेन.

मशीन घ्यायचं ठरल्यावर मी आईचा एक फोटो काढला. घराच्या दारात, दुपारच्या सावलीत, पाटावर बसलेली. हसू नको म्हणालो नाही, हस असंही म्हणालो नाही. ती जशी बसते तशी बसली आणि सरळ बघत राहिली. तो फोटो पेन ड्राइव्हमध्ये टाकून मी नंदुरबारहून सुरतेची गाडी धरली.

मशीन विकणाऱ्यांच्या शोरूममध्ये सगळीकडे तेच पोपट, त्याच स्ट्रॉबेऱ्या, तीच गोरी बाळं छापून टांगलेली असतात. पोपट कुठल्याही मशीनवर चांगला येतो. मी प्रत्येक ठिकाणी पेन ड्राइव्ह पुढे करायचो. "हे छापून दाखवा. भिंतीएवढं नको, दाराएवढं पुरे."

पहिल्या ठिकाणी सॉल्व्हंटचंच मोठं मशीन होतं, चार रंगांचं. आई त्यातून हिरवट निघाली, आजारी असल्यासारखी. सावळ्या कातडीत निळा जरा जास्त पडला की ती हिरवी दिसते, काळा जास्त पडला की राख फासल्यासारखी. विकणारा म्हणाला, "दूर से अच्छा दिखेगा." मी म्हणालो, मला जवळून बघायचंय. लोक बेसिनला उभे राहतात ते वीतभर अंतरावर.

दुसऱ्या ठिकाणी यूव्हीचं होतं. शाई पडते न पडते तोच वरून दिवा तिला वाळवतो. लाकूड, काच, फरशी, कशावरही छापतं. छपाई बघताना भुरळ पडावी अशी. पण शाईचा थर जाड बसला होता. आईच्या चेहऱ्यावर प्लॅस्टिकची चकाकी आली होती, आणि भिंतीच्या कोपऱ्यावर कागद वळवावा तसा मी तो वळवला तेव्हा तिच्या गालावर बारीक तडा गेला. विकणाऱ्याने तडा बोटाने झाकायचा प्रयत्न केला. मी कागदाची गुंडाळी करून काखेत मारली आणि निघालो.

तिसऱ्या ठिकाणी मी जवळजवळ फसलो होतो. ते मशीन इको-सॉल्व्हंटचं, सहा रंगांचं. नेहमीच्या चार रंगांना फिका निळा आणि फिका गुलाबी यांची जोड. त्यामुळे कातडीवरच्या छटा दाणेदार न दिसता सलग उतरतात. आई चांगली आली होती. वासही जवळजवळ नव्हता. विकणारा साखर पेरल्यासारखं बोलत होता. मी तो नमुना पिशवीत घालून गाठ मारली आणि दिवसभर बाजारात फिरलो. संध्याकाळी गाठ सोडून नाक घातलं तर पिशवीत वास साठला होता. कमी होता, पण होता. बंद खोलीत तो कुणालातरी कळला असता. मला तक्रारीला जागाच ठेवायची नव्हती. शत्रूला आपल्या कामात सुईएवढं भोक जरी सापडलं, तरी त्याने तोंड उघडायला तेवढं पुरतं.

मग चौथं. लॅटेक्सची शाई, म्हणजे पाण्यात मिसळलेली, मशीनच्या आतल्या उष्णतेने वाळणारी. कागद बाहेर येतो तो कोरडाच. भिंतीला लावायच्या साध्या कागदावरही छापता येतं, प्लॅस्टिकच लागतं असं नाही. वीज मात्र भरपूर खातं. तिथल्या ऑपरेटरने फाइल उघडली आणि म्हणाला, "मैडम का फोटो थोड़ा डार्क है. ब्राइट कर दूँ?"

"नाही," मी म्हणालो. "हात लावू नका."

पहिली प्रत काळपट आली. मी काळा कमी करायला सांगितला. मग ती फिकट आली. शोरूमचा मालक अधूनमधून येऊन घड्याळ बघायचा. ऑपरेटर चांगला होता, त्याला आता चुरस चढली होती. त्याने कागदाप्रमाणे रंगांचं माप पुन्हा बसवलं आणि पुन्हा छापलं. या वेळी कागद सरकत सरकत बाहेर आला तसं आधी कपाळ दिसलं, मग डोळे, मग गाल. तो रंग आईचा होता. उन्हाने भाजलेला, पण आतून तांबूस. मी डब्यातल्या भाजीचा तेलकट रस्सा बोटाने तिच्या गालावर लावला, ओल्या फडक्याने पुसला. रस्सा गेला, रंग हलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा पुसला.

ऑपरेटर बघत राहिला. "शादी का काम है क्या?"

"दुश्मनी का," मी म्हणालो.

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

कर्ज मंजूर होऊन मशीन शहाद्याला, माझ्या स्वतःच्या नव्या दुकानात, यायला बराच वेळ गेला. आल्यावर त्याच्यासोबत एक स्वस्ताईचा दलालही आला. कंपनीच्या शाईसारखीच पण लोकल शाई बाटलीतून भरा, कुणाला कळत नाही, निम्म्यात काम होतं, असं सांगायला. त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. लोकल शाईने सुरुवातीला सगळं छान दिसतं. मग शाई सोडणाऱ्या हेडची भोकं बुजतात, मग रंग दरवेळी निराळा येतो, आणि वर्षभरात गुलाबी उडून माणसं निळी पडतात. धंदा करणाऱ्याला एवढी खोट चालून जाते. सूड घेणाऱ्याला चालत नाही.

तरी पहिली मोठी भिंत माझी बिघडलीच. एका डॉक्टरच्या दिवाणखान्यात मी धुक्यातलं जंगल लावलं आणि प्रत्येक जोडावर धुक्याचा रंग बदलत गेला. कागदाच्या डाव्या आणि उजव्या कडेला शाई सारखी पडत नाही, हे मला माहीत नव्हतं. सुरतेच्या त्या ऑपरेटरला फोन केला, तर म्हणाला, दर दुसरी पट्टी उलटी छापत जा, डोकं खाली पाय वर. म्हणजे जोडावर उजवी कड उजव्या कडेला आणि डावी डावीला भिडते. सगळं जंगल काढून मी पुन्हा लावून दिलं. डॉक्टरने ती गोष्ट दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली आणि मला दुसऱ्या जाहिरातीची गरज पडली नाही. कापसाच्या हंगामात हवेत उडणारे तंतू छापायच्या कागदावर बसायचे, म्हणून खोली सगळीकडून बंद केली, एसी बसवला, विजेच्या चढउताराला स्टॅबिलायझर लावला.

एसीमुळे आई दुकानात येऊन बसायला लागली. तिला मी मजुरीला जाऊ देत नव्हतो. पट्ट्यांच्या कडा कापायचं काम तिने आपणहून घेतलं. बाईचा हात सरळ, फूटपट्टी न ठेवताही कापायची. तिला मी सुरतेचा तो नमुना दाखवला. तिने तो कागद गुडघ्यावर पसरला, बराच वेळ पाहिला.

"हाई मी शे," ती म्हणाली. आणि गुंडाळून बाजूला ठेवला.

शेठने इमारत बांधली. माझ्या अंदाजापेक्षा उशिरा, पण अंदाजापेक्षा मोठी. हॉटेलला लागूनच लग्नाचा हॉल, वर पाहुण्यांच्या खोल्या, नवरीची खोली, नवरदेवाची खोली. तो माझ्याकडे येईल असं मी धरून चाललो होतो. आला नाही. धुळ्याहून ज्याच्याकडून त्याने आईचा कागद छापून आणला होता, त्याच्याकडेच भिंतींचं काम दिलं. काम चालू असताना मी एकदा तिथून गेलो. गाडीतून उतरणाऱ्या गुंडाळ्यांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. खोल्यांना एसी होते, म्हणजे खिडक्या बंद राहणार होत्या. मी गाडी थांबवली नाही. एक शब्द बोललो असतो तर त्याचं नुकसान वाचलं असतं, आणि तो शब्द गिळताना मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही.

पहिल्याच लग्नात नवरीच्या डोळ्यांतून पाणी थांबेना. सासरी जायचं म्हणून रडतेय असं आधी सगळ्यांना वाटलं. मग तिच्या मावशीला मळमळायला लागलं, लहान पोरं डोकं धरून बसली. पाहुण्यांनी गाद्या ओढत खाली आणल्या आणि लॉनवर झोपले. ही बातमी मला सकाळी चहाच्या टपरीवर मिळाली. मी दुसरा चहा मागवला.

त्यानंतर तो आला. पांढरी गाडी दुकानासमोर थांबली, शेठ काच ढकलून आत आला, एसीच्या गारव्यात खुर्चीत टेकला.

"भाऊ, तुम्हनं नाव आयकीसन उनू," तो म्हणाला.

त्याने मला ओळखलं नव्हतं. ‘ए पोऱ्या’चा मी ‘भाऊ’ झालो होतो आणि त्याला पत्ता नव्हता. आई कोपऱ्यात कडा कापत बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. ज्या चेहऱ्यासमोर तो रोज उठता बसता वावरत होता, तो चेहरा त्याच्यापासून चार हातांवर होता.

"माय, पानी दे व जरा," तो तिला म्हणाला.

आई उठली. माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली. त्याने ते गटागटा प्यायलं आणि तांब्या तिच्या हातात परत देऊन माझ्याकडे वळला. "हॉलन्या खोल्यास्ना कागद बदलना शे. वास नको येवाले. पुढला आठवडामा मोठं लगीन शे, पाहुना मोठा शेतस."

मी मुद्दाम शाळेतल्या, कचेरीतल्या मराठीत बोललो. "करून देतो. वेळेत होईल, वास येणार नाही. माझी एकच अट आहे. हॉटेलातली बेसिनजवळची भिंत आधी मोकळी करायची."

"कोनती? ती बाईवाली?" तो गोंधळला. "ती काबर? बरं, काढी टाकू. माणूस धाडस मी आजच."

"माणूस नाही. तुम्ही. तुमच्या हाताने. मी समोर बसेन."

त्याच्या कपाळावर आठी आली. मग नजर माझ्यावर स्थिरावली, आणि मला दिसलं की त्याला हळूहळू तो बोर्ड, ती शिडी आठवतेय. त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. आई तांब्या विसळत होती. तो लाल झाला का? नाही. माझी फार इच्छा होती, पण नाही. तो हसला.

"इतलंच ना?" तो म्हणाला. "मी समजनू काय मोठं मांगतस."

त्या ‘इतलंच’ने मला पुन्हा तितकाच राग आला जितका पहिल्या दिवशी आला होता.

जेवणावळ संपल्यावरची सुस्त वेळ त्याने दिली. मी आईला चल म्हणालो. ती नको म्हणाली. मी ऐकलं नाही. पुढच्या दाराने तिला आत नेलं आणि बेसिनच्या समोरच्या टेबलावर बसवलं. स्वतःसाठी नि तिच्यासाठी चहा मागवला. वेटर भिंतीला टेकून उभे राहिले. खानसामा आतून डोकावला.

शेठने सोन्याचं कडं वर सरकवलं, खालच्या कोपऱ्यात नख घातलं आणि ओढलं. बोटभर तुकडा हातात आला. त्याला वाटलं होतं, कॅलेंडरचं पान ओढावं तसा सगळा कागद एका झटक्यात येईल. पण ते जाड प्लॅस्टिक होतं, मागे फर्निचरचा गोंद, आणि वर्षानुवर्षांची वाफ नि तेल त्यात मुरलेलं. गरम पाणी आणि पत्र्याची खरवडणी माझ्या गाडीत होती. ती मी गाडीतच ठेवली होती.

तो ओरबाडत राहिला. तुकडे तुकडे निघत होते, कुठे मागचं प्लास्टरही येत होतं. घामाने शर्ट पाठीला चिकटला. एक नख उलटलं, त्याने बोट तोंडात घातलं. वेटरांपैकी कुणीतरी फिसकन हसलं आणि शेठने मागे वळून पाहिलं. त्या वेळी मात्र त्याचा चेहरा उतरला होता. मी चहाचा घोट घेतला. मला वाटलं, हेच. याचसाठी मी सुरतेच्या फेऱ्या मारल्या.

पण तो आता वर पोचला होता. त्याचे हात आईच्या गळ्याशी आले, मग हनुवटीशी. त्याने हनुवटी ओरबाडली. गालाची एक पट्टी फरफटत निघाली, हसूचा अर्धा भाग गेला, एक डोळा राहिला. या गोष्टीचा मी इतक्या वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. त्या माणसाचा हात माझ्या आईच्या चेहऱ्यावर फिरतोय, नखांनी, आणि मी तो फिरवायला लावलाय. ती माझ्या शेजारी बसून बघतेय. मला उठून त्याचा हात धरावासा वाटला. पण उठलो नाही. उठलो असतो तर तो जिंकला असता.

आई उठली. बेसिनपाशी गेली, नळ सोडून ओंजळीत पाणी घेतलं आणि भिंतीवर, स्वतःच्या त्या उरलेल्या डोळ्यावर मारलं.

"पानी लाव शेठ," ती म्हणाली. "कोरडं नही निंघस ते."

शेठ बाजूला सरकला. वेटर हसायचे थांबले. आईने दोनतीनदा पाणी मारलं, पदराने हात पुसले आणि मला म्हणाली, "चाल रे."

"अजून बाकी आहे," मी म्हणालो.

"मन्हं व्हई गयं," ती म्हणाली आणि पुढच्याच दाराने बाहेर पडली. मी मागे थांबलो. सगळी भिंत उघडी पडेपर्यंत थांबलो. शेवटचा तुकडा त्याच्या हातून खाली पडल्याशिवाय मी त्या खुर्चीवरून हललो नाही.

हॉलचं काम मी करून दिलं. चोख. नवरीच्या खोलीत मोगऱ्याच्या वेली लावल्या, एकही जोड शोधून सापडणार नाही अशा. ते लग्न निर्विघ्न पार पडलं. शेठ आता चारचौघांत माझी ओळख ‘आपला माणूस’ अशी करून देतो, गिऱ्हाइकं पाठवतो, लग्नसराईत माझ्या घरी पेढे येतात. बेसिनजवळ त्याने पांढऱ्या फरशा बसवल्या. त्या दुपारी मी त्याला शिक्षा दिली होती, हे त्याला कळलंच नसावं. त्याच्या लेखी ते एका चक्रम कारागिराचं खूळ होतं. नख पुन्हा उगवलं.

यंदा तो एक जुना फोटो घेऊन आला. त्याच्या वडिलांचा, स्टुडिओत काढलेला, कडेने खाल्लेला, पिवळा पडलेला. हॉलच्या प्रवेशाला लावायचाय म्हणाला, छतापर्यंत. मी ठेवून घेतला. स्कॅन केला. फुटलेला डोळा शेजारच्या डोळ्यावरून दुरुस्त केला, टोपीची कड जोडली, कोटाची उडालेली शिवण एकेक टाका भरावी तशी भरली. इतकं जीव लावून मी क्वचितच काही केलं असेल. चेहऱ्याचा रंग जुळवायला किती नमुने काढले त्याला हिशेब नाही. म्हातारा शेवटी कागदावर उतरला तो नुकताच वावरातून आल्यासारखा.

आईने तो नमुना मशीनवर पाहिला.

"हाऊ कोन?"

"शेठना बाप."

ती जवळ आली. "हा, तोच. चांगला व्हता तो," ती म्हणाली. "झाडखाले बसाडीसन पानी पाजे आम्हले. पहिले आम्हले, मंग बैलस्ले." जराशाने म्हणाली, "छापी दे त्याले."

"छापसू," मी म्हणालो.

फाइल तयार आहे. बटण दाबलं की संध्याकाळपर्यंत काम होईल. शेठचे फोन येतात. आधी हक्काने यायचे, आता जरा विनवणीने येतात. वडिलांची पुण्यतिथी जवळ आलीय, लोक यायचेत, तेवढं बघा भाऊ. काल पुन्हा आला.

"शाई आली नाही अजून," मी सांगितलं.

माझ्या पाठीमागच्या कपाटात शाईचे नवे डबे ओळीने लावलेले होते. आई कडा कापत होती. तिने कात्री थांबवून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढची पट्टी ओढून घेतली.